सुधीरच्या जागेपासून दारापर्यंत

कोल्हापूरला जाऊन काय पाहिलंस, असं अकोल्यात परतल्यापासून जो तो विचारतो. मी एक खोली पाहिली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराची, एका दाराची. देऊळ राहिलं, तलाव राहिला, चपलाही घेतल्या नाहीत. त्या गोष्टींची वर्णनं ढिगानं मिळतील. या खोलीचं वर्णन करायला कुणी जाणार नाही, म्हणून मी करते आहे.

माझ्या बाबांचा छोटा छापखाना आहे. मोर्चांची पत्रकं, सभांची हँडबिलं, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कार्यक्रमांचे कागद, हेच आमचं काम. बाराखडी पुरी होण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. पुढे पत्रकं मीच लिहू लागले, आणि पत्रकाला फोटो लागतो म्हणून जुना कॅमेरा आणि एक अल्ट्रा-वाइड लेन्स घेतली. मोर्चा रस्त्यावर मावत नाही असं दाखवायला ती फार उपयोगी पडते. ती आणखी कशाकशाला उपयोगी पडते, ते मला कोल्हापुरात कळलं.

जयसिंगपूर

वैशाली माझी मावसबहीण. अकोल्याची पोरगी लग्न होऊन जयसिंगपूरला गेली आणि आता तिकडच्या बायकांसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलते. स्टेशनवर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, “पावणं दमलं असतील.” मला हसू आलं. तीही हसली, पण तेवढ्यापुरतीच.

तिचा नवरा सुधीर कागलच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला होता. पाळ्यांच्या वेळा आणि एसटीच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे आठवडाभर तो कंत्राटदाराने कामगारांसाठी दिलेल्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. एका दुपारी तो रात्रपाळी करून झोपला होता. बाकीचे कामावर. दाराजवळच्या गॅसच्या शेगडीची नळी पेटली. सुधीर आतल्या टोकाला, वरच्या खाटेवर होता. बाहेर पडायचं दार शेगडीच्या पलीकडे. वैशालीला फोन आला तेव्हा ती कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या ज्या दवाखान्यात कामाला आहे तिथे, पेशंटची नावं पुकारत होती.

भरपाईच्या चौकशीत कंत्राटदाराने लिहून दिलं की खोलीत चारच माणसं राहत होती, ये-जा करायला मोकळी वाट होती, आणि सुधीर तिथे राहतच नव्हता. कुणाला तरी भेटायला आला आणि झोपला. पाहुणा म्हणून! म्हणजे माणूस मेला तो स्वतःच्या हौसेने.

सोबत त्याने खोलीचा एक फोटो जोडला होता. वैशालीने तो मोबाइलवर दाखवला. पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी, लांबच लांब पसरलेली मोकळी जागा. आगीनंतर खोली रिकामी केली, रंग मारला, फोटो काढला, आणि दुसऱ्याच दिवशी खाटा आणि माणसं परत आत कोंबली.

“ह्यात लग्न लागंल की नाही?” वैशाली म्हणाली. “मांडव बी बसंल.”

तिच्या सासूबाई आत भाकरी थापत होत्या. आमच्याकडे पाहुण्याला पोळी करतात, नुसती भाकरी वाढली तर घरच्यांना ओशाळल्यासारखं होतं. इथे तव्यावरची भाकरी थेट ताटात पडली नाही तर ओशाळतात. सुकट, कांदा, झणझणीत आमटी. सासूबाई एकदाही सुधीरबद्दल बोलल्या नाहीत. एक भाकरी मात्र जास्तीची केली आणि मग तिच्याकडे बघत बसल्या.

जेवताना वैशालीने तिला काय हवं ते सांगितलं. “प्रज्ञे, मला त्यांच्या जागेपासनं दारापतोरचा फोटो पाहिजे. दोन्ही एकाच फोटोत. आणि त्यात माणसं पाहिजेत, सगळी, राहतात तशी. चौकशीच्या साहेबाने तो बघावा आणि सांगावं, माणूस कुठनं निघाला असता.”

कागल, पहिल्यांदा

एमआयडीसीचे रस्ते रुंद आहेत. कारखान्यांपुढे हिरवळ, हिरवळीवर फवारे, फाटकाशी कडक गणवेशातला वॉचमन. पंचतारांकित हे खरं आहे, फक्त तारे पुढच्या बाजूला आहेत. मागच्या बाजूने नाला ओलांडून गेलं की ती खोली.

सुधीरबरोबर काम करणारा महादेव मला घ्यायला आला होता. बुटका, खणखणीत आवाजाचा माणूस. वाटेत तीनदा म्हणाला, “ताई, काळजीच करू नका. समदं तयार ठेवलंय.”

खरंच सगळं तयार होतं. त्या लोकांनी खोली आवरली होती! खाटा बाहेर काढून उन्हात उभ्या केल्या होत्या. बॅगा, दोरीवरचे कपडे, शेगडी, सगळं मागच्या भिंतीआड. फरशी पुसलेली, कोपऱ्यात उदबत्ती. आणि पाळ्या जुळवून थांबलेली बारा-पंधरा माणसं इस्त्रीचे शर्ट घालून, केस ओले करून, बाहेर रांगेत उभी.

“पाहुण्यांना जागा नको व्हय?” एकजण म्हणाला. “आमी आत असलो तर हलाय बी येत न्हाय.”

मी दारातून एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. कंत्राटदाराच्या फोटोचा जुळा भाऊ. अल्ट्रा-वाइडची हीच खोड आहे. जवळचं मोठं करते, लांबचं आणखी लांब ढकलते. तिच्यातून आठ बाय पंधराच्या खोलीची शाळा होते.

माझा तोल गेला. “अहो, आवरायला कुणी सांगितलं होतं? तुम्ही त्याचंच काम केलंत!”

महादेवचा चेहरा उतरला. “पावण्याला घाणीत बसवायचं? तुमच्यात बसवत्यात?”

माझ्या घरी कुणी फोटो काढायला आलं असतं तर आईनेही पत्रकांचे गठ्ठे आधी खाटेखाली ढकलले असते. मी माफी मागितली, त्यांनी चहा दिला, आणि मग सगळ्यांनी मिळून खोली पुन्हा होती तशी केली. समोरच्या लांब भिंतीला उशी करून दाटीने लावलेल्या दुमजली खाटा, उजव्या टोकाला आडव्या आणखी दोन, एकावर एक. त्यातली वरची सुधीरची. तिथे आता कुणी झोपत नाही, बॅगा ठेवतात. डाव्या टोकाला दार आणि दाराला चिकटून शेगडी. मधली वाट एवढी अरुंद की मी भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तर माझे गुडघे समोरच्या खाटेला लागत.

तिथूनच फोटो काढायला हवा होता. डावीकडे दार, उजवीकडे सुधीरची जागा. पण अल्ट्रा-वाइडमध्ये दोन्ही मावेनात. दार घेतलं की जागा सुटे, जागा घेतली की दार. आणि कडेला आलेली माणसं बिघडत. ही लेन्स भिंतींच्या रेषा सरळ ठेवते, पण त्यासाठी कडेचं सगळं ओढून ताणते. महादेव नेमका कडेच्या खाटेवर होता. त्याचं डोकं दुधी भोपळ्यासारखं निघालं. पडद्याभोवती सगळे जमले.

“आरं म्हाद्या, तुझ्यात दोन बायका बसत्याल की आता!”

“तोंड कुटं गेलं त्येचं? आई बी वळकायची न्हाय.”

हसता हसता एकाने पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. शेवटची खाट फोटोत आलीच नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

राजारामपुरी

मला फिशआय लेन्स हवी होती, माशाच्या डोळ्यासारखी फुगीर काचेची. ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतचं जवळजवळ सगळं घेते. माझ्याकडे ती नव्हती. वैशालीच्या दवाखान्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत लेन्स भाड्याने मिळतात असं कळलं. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, तरी पत्ता विचारला की माणूस नंबर सोडून कुठल्या डोसेवाल्याच्या शेजारी ते सांगतो. त्या डोसेवाल्याकडे लोणी डोसा खाल्ला. आमच्याकडे डोसा म्हणजे कुरकुरीत. हा जाड, मऊ, वर लोण्याचा गोळा. चांगला होता. त्या आठवड्यात मन लावून खाल्लेली तेवढी एकच गोष्ट.

स्टुडिओवाल्याला सगळे अण्णा म्हणत. पोट सुटलेला, मोठ्याने बोलणारा. लग्नं आणि नव्या फ्लॅटच्या जाहिराती, हा त्याचा धंदा.

“फिशआय कशाला पायजे?”

मी सांगितलं. कागल, कामगारांची खोली, आग.

“पत्र्याची, नाल्यापल्याडची? ती व्हय! तिचा फोटू मीच काढलाय की.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण अण्णा खुशीत सांगत होता. अल्ट्रा-वाइड लावली, दाराच्या चौकटीत बसलो, कॅमेरा गुडघ्याएवढा खाली धरला. “फ्लॅटचं बी तसंच काढतो. गिऱ्हाईक बघाय गेलं की म्हणतंय, हॉल कुटं गेला?”

“त्या खोलीत माणूस जळून मेलाय,” मी म्हणाले. “ही त्याची बायको.”

वैशाली माझ्या मागे उभी होती. अण्णाचं हसू तसंच तोंडावर राहिलं, नुसतं, आतून रिकामं. “मला न्हाई कुणी सांगितलं,” तो म्हणाला. “रंगाचा वास येत होता. मोकळी खोली... मला वाटलं भाड्यानं द्यायची असंल.”

मी त्याला सोडलं नाही. “विचारलंत का? रंग कशावर मारलाय, हे एकदा तरी विचारलंत?” गिऱ्हाइकं बघायला लागली. वैशालीने माझा दंड धरला. “प्रज्ञे, लेन्स घे.”

अण्णाने कपाटातून फिशआय काढली, फुंकर मारली, पुसली. “ह्यात भिंती वाकत्यात,” तो खाली बघत म्हणाला. “खोली घागरीच्या पोटागत दिसतीया. साहेब म्हणंल, चेष्टा करतासा व्हय? पण माणूस कडंला गेला तरी त्येचं तोंड त्येचंच ऱ्हातंय.”

ते मलाही माहीत होतं. भिंतींची अब्रू राखणारी लेन्स आणि माणसांची राखणारी लेन्स, यांत निवड करायला मला वेळ लागला नाही. माणसांची तोंडं ओळखू येणं किती महाग पडू शकतं, त्याचा हिशेब मात्र मी उशिरा केला. बसमध्ये.

कागल, दुसऱ्यांदा

म्हणून पोचल्याबरोबर मी आधी तेच सांगितलं. या फोटोत प्रत्येकजण ओळखू येईल. कंत्राटदार हा फोटो बघणार. ज्याला नको असेल त्याने बाहेर थांबावं, कुणी काही म्हणणार नाही.

कुणी विडी विझवली. कुणी नुसतंच छताकडे पाहिलं.

“त्या दुसऱ्या लेन्सनं काढा की,” एकजण म्हणाला. “भोपळा झालेला बरा.”

“आन् सुद्या?” महादेव उसळला. “त्यो पावणा म्हणून मेला म्हणं. तू रोज त्येच्या ताटात जेवलास, भाड्या.”

मग एकेक जण आपापल्या खाटेवर चढू लागला. इराप्पा तेवढा उभा राहिला. निपाणीकडचा, वीस-बावीस वर्षांचा, मला अक्का म्हणणारा. “अक्का, मला नको. घरात कामावर मी एकटाच हाय.”

“बाहेर थांब,” मी म्हणाले. कुणीही त्याला टोमणा मारला नाही. तो दाराबाहेर गेला.

सगळे पाळी करून आल्यासारखे आडवे झाले. वरच्या खाटेवरचे पाय खालच्याच्या डोक्याशी लोंबत होते. टॉवेल, डबे, दोऱ्या. राहिली ती सुधीरची जागा. बॅगा काढून ठेवल्या होत्या, पण तिथे चढायला कुणी तयार होईना. महादेवसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

वैशाली तोवर दारापाशी उभी होती. ही खोली ती पहिल्यांदाच बघत होती. तिने चपला काढल्या.

“मी झोपतो तिथं,” ती म्हणाली.

मधल्या वाटेतून तिला तिरकं होऊन जावं लागलं. खाटेच्या दांड्यावर पाय ठेवून वर चढताना तिचा पाय घसरला, सगळे ‘वैनी!’ म्हणून ओरडले, पण ती सावरली आणि आडवी झाली. पत्रा तिच्या नाकापासून हातभर. तिने डोळे मिटले नाहीत. ती दाराकडे बघत होती.

वैशालीने पदर कमरेला खोचला तेव्हापासून मी बटण दाबत होते. एवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. वॉचमन. आम्ही निघालो. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटेवर बाहेरच्या कुणालाही येऊ द्यायचं नाही असा हुकूम निघाल्याचं महादेवने कळवलं.

पुन्हा राजारामपुरी

अण्णाच्या कॉम्प्युटरवर फोटो पाहिले. बहुतेकांत कुणी ना कुणी हललेलं, वैशाली धूसर. एकच स्वच्छ होता: ती नुकतीच सावरलेली, कोपरावर टेकलेली, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळलेल्या. भिंती वाकल्या होत्या, पत्रा वरून पोटासारखा खाली आला होता. पण उजव्या कडेला सुधीरची जागा होती, डाव्या कडेला दार होतं, आणि मधला प्रत्येक माणूस तोच माणूस होता.

आणि दारात इराप्पा होता. अख्खा. चौकटीला एक हात, दुसरा हात पुढे. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर मला ती चौकटीची सावली वाटली होती.

“उडवतो की त्येला,” अण्णा म्हणाला. “मिंटाचं काम.”

“नको. एक माणूस पुसला की सगळा फोटो खोटा. तुमच्या त्या फोटोसारखाच.”

“मग कड कापा.”

कड कापली तर दार जात होतं. मी इराप्पाला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती. मी सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की तो नाही म्हणाला तर हा फोटो मी वापरणार नाही.

“किती दिसतोय, अक्का?”

“पूर्ण. हात पुढे केलेला.”

“वैनी घसरली न्हवं का. धराय गेलतो.” मागची घरघर लांब गेली. मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे. दाराबिगर फोटू कशाचा? माझं नाव तेवढं तुमी सांगू नका.”

मी सांगितलं नाही.

चौकशी

कार्यालयाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. टेबल, पंखा, चौकशी अधिकारी, टाइप करणारा कारकून. कंत्राटदार स्वतः आला नव्हता. त्याने सुपरवायझर पाठवला होता, मनगटावर जाडजूड घड्याळ चढवलेला एक आडदांड माणूस. अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. आमचा हातात घेऊन फिरवला.

“मॅडम, हे काय आहे? अशी वाकडी खोली असते का? हा सरळ आहे, यात जागा दिसते. हा कसला चमत्कारिक फोटो? हा मी धरू शकत नाही.”

मी लेन्सचं समजावायला लागले. सरळ रेषा, ताणलेल्या कडा. त्यांनी हात वर केला. माझ्या मागे वैशालीचा श्वास मला ऐकू येत होता. सगळं तिथेच संपलं होतं.

तेवढ्यात सुपरवायझरने फोटो ओढून घेतला. कोण कोण गेलं होतं पाहुणीपुढे, हे त्याला बघायचं होतं. आणि कोल्हापूरकराला मनातल्या मनात चिडता येत नाही.

“ह्यो म्हाद्या! वाटलंच मला. ह्यो हणम्या. ह्यो दारात कोण, इराप्पा? तू बी व्हय रं!” त्याचं बोट फोटोवर आपटत पुढे सरकत होतं, एकेका तोंडावर, एकेका नावासकट. “उद्या या म्हणावं कामावर, बघतो एकेकाला! आन् ही बाई तर बघा, सुद्याच्या जागंवर जाऊन झोपलीया!”

पंखा फिरत होता.

“सुद्या म्हणजे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

सुपरवायझरचं बोट फोटोवरच राहिलं.

“मयत सुधीर? त्याची जागा म्हणालात. तो इथे राहत नव्हता ना?” मग ते फोटोकडे वळले. “आणि ही सगळी तुमची माणसं? चार म्हणून लिहून दिलंय.”

“तसं न्हाय, साहेब...”

“टाइप करा,” अधिकारी कारकुनाला म्हणाले.

फोटो त्यांनी स्वीकारला नाहीच. सुपरवायझरचं बोलणं तेवढं स्वीकारलं. निकाल अजून लागलेला नाही. बाहेर आल्यावर वैशाली पायरीवर बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “त्यांची जागा होती. त्यानंच सांगितलं.” एवढंच, दोनदा.

कागलचा फाटा

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं नाही. फोटोतल्या एकालाही आत घेतलं नाही. खोलीतून सामान बाहेर टाकलेलं होतं. मी पोचले तेव्हा निम्मे लोक निघूनही गेले होते. उरलेले हमरस्त्यावर, अंथरुणांच्या वळकट्यांवर बसून गाडीची वाट बघत होते.

मला पत्रकं लिहिता येतात. अशा वेळी काय लिहायचं ते तोंडपाठ आहे, आणि ते मी लिहिणारही आहे. या मजुरांना कामावर परत घ्या म्हणून अकोल्यात आमच्या यंत्रावर ते छापलंही जाईल. पण तिथे, त्या धुळीत, मी नुसती एकाची कलंडलेली वळकटी सरळ केली.

महादेवच आधी बोलला. “आसं तोंड करून ऱ्हाऊ नका, ताई. पावणं हायसा. च्या घेणार?”

“महादेवदादा, तुमचं काम...”

“त्येला ठावं हुतं, आमी साहेबापुढं बोलणार. आज न्हाई तर उद्या काढलंच असतं.” मग जरा लाजून म्हणाला, “त्या फोटूची कापी हाय का? सगळी एका जागी कवा आलोच न्हाय. पाळ्या येगयेगळ्या.”

मी अण्णाकडून प्रती करून आणल्या होत्या. त्याने कशाचेच पैसे घेतले नाहीत आणि मी आभार मानले नाहीत. एकेकाने आपापली प्रत घेतली, आधी स्वतःला शोधलं, मग दुसऱ्याला. कुणीही वाकड्या भिंतींबद्दल बोललं नाही.

इराप्पा कडेला बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याने फोटो मांडीवर ठेवला. दारातल्या स्वतःच्या पुढे केलेल्या हातावर बोट टेकवलं आणि तिथून हळूहळू उजवीकडे नेलं. शेगडी. खाटेचा पाय. लोंबणारा टॉवेल. महादेवची पोटरी. आणखी एक खाट, आणखी एक. बोट थांबत थांबत वैशालीपर्यंत गेलं.

“हितनं कोण कसा निघणार, अक्का,” तो म्हणाला.

निपाणीची गाडी आली. त्याने फोटो शर्टाच्या आत घातला, वळकटी डोक्यावर घेतली आणि दारातल्या गर्दीत तिरका होऊन आत शिरला.